‘करावी’ आणि ‘करता येईल’

मित्रांनो, मी एक जुने दप्तर आहे. चामड्याचे, पितळी कडीचे, दोन कप्प्यांचे. आणि सुरुवातीलाच सांगून टाकतो, मी दमलो आहे. तुमच्यातला कुणी आगाऊ म्हणेल, दप्तराला कसला आलाय थकवा, ते तर दुसऱ्याच्या खांद्यावर बसून फिरते. खरे आहे. पण चाळीस वर्षे एकाच वाटेने येरझारा घातल्या की खांद्यावरचासुद्धा दमतो.

माझा जन्म १९२१ सालचा. आमच्या डोंगराळ राज्याच्या राजधानीत अॅन्सेल ड्रोगी नावाचा खोगिरे करणारा म्हातारा होता. मोटारी आल्या, घोडे गेले आणि त्याच्या दुकानात एक चांगले कातडे उरून राहिले. त्याच दिवसांत विधानभवनाला कागद नेण्यासाठी दप्तर हवे होते. म्हणजे घोड्याच्या पाठीवर जायचा तो मी माणसाच्या खांद्यावर आलो. ड्रोगीने मला आतून गादीच्या निळ्या पट्ट्यांच्या कापडाचे अस्तर लावले आणि देताना बजावले, “चामडं नातवापर्यंत टिकेल. अस्तराकडं तेवढं बघत जा.” ते कुणी मनावर घेतले नाही.

आता माझे काम सांगतो. आमच्या विधानभवनात मध्ये मोठा घुमट आहे. पूर्वेकडच्या दालनात प्रतिनिधीगृह बसते, त्यात शंभर माणसे. पश्चिमेकडच्या दालनात सिनेट, त्यात चौतीस. दोघांच्या मध्ये एकशे बेचाळीस पावलांचा संगमरवरी रस्ता. आणि खालच्या मजल्यावर गव्हर्नर. कायदा करायचा तर एका घराने मंजूर केलेला कागद दुसऱ्या घराने जसाच्या तसा मंजूर करावा लागतो. एक शब्द इकडचा तिकडे झाला तरी कागद पुन्हा पहिल्या घरी. दोघांचे जमले की दोन्ही अध्यक्षांच्या सह्या, मग जिना उतरून गव्हर्नरकडे. त्याला पटले तर तो सही करतो. नाही पटले तर हरकती लिहून कागद ज्या घरात जन्मला त्याच घरी परत पाठवतो. मग दोन्ही घरांनी तीनात दोन इतकी मते जमवली तर गव्हर्नर नको म्हणाला तरी कायदा होतो. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्ने म्हणतात ना, तसे आमच्याकडे प्रत्येक कागदाचे. आणि या सगळ्या विघ्नांना खांद्यावर घेऊन मी फिरत होतो.

पहिला निरोप्या मला दर शनिवारी तेल लावून पुसत असे. तेव्हा माझा तोरा होता. दारावरचा माणूस ललकारी द्यायचा, “प्रतिनिधीगृहाकडून निरोप!” की चौतीस सिनेटर बोलायचे थांबत. निरोप्या कमरेत वाकायचा आणि मला उघडायचा. तसे आजही कुणी माझ्यापुढे वाकले तर मला बरे वाटेल, पण ते असो.

१९४९ साली मी व्हर्ना स्टिडम हिच्या खांद्यावर आलो. ती आमच्या भवनातली पहिली बाई निरोप्या. ती आली तेव्हा जुनी मंडळी कुजबुजली की बाईमाणसाला एवढे वजन झेपेल का. व्हर्ना खाणकामगाराच्या घरातली, आठव्या वर्षापासून कोळशाच्या बादल्या उचललेली. तिने मला उचलले आणि म्हणाली, “एवढंच?”

तिचे गाव कॉपर हॉलो, दोन डोंगरांच्या बेचक्यात. गावाच्या डोक्यावर खाण कंपनीने कोळसा धुतलेल्या पाण्याचा, काळ्या गाळाचा एक बंधारा बांधला होता. नुसता मातीचा भराव. त्याच्या बरोबर खाली पहिले घर व्हर्नाचा मोठा भाऊ डेल्मर याचे. खाणीत त्याची छाती गेली होती, फार चढउतार झेपत नसे. वसंतात डोंगरावरचे बर्फ वितळले, पाऊस लागला की बंधारा काठोकाठ भरे आणि गाव अंगावरच्या कपड्यांनिशी निजे.

त्या गावचा प्रतिनिधी ऑर्व्हिल प्रॅटर. जुना खाणकामगार, डाव्या हाताला तीन बोटे. सगळे हॉलो त्याला ऑर्व्हिल काका म्हणे. तो दरवर्षी एकच विधेयक आणायचा. त्यातले मुख्य वाक्य एवढेच: खाणीच्या गाळाच्या प्रत्येक बंधाऱ्याची राज्याने दर वसंतात तपासणी करावी. पहिल्या वर्षी समितीने ते दाबून ठेवले. दुसऱ्या वर्षी सिनेटने वाचलेसुद्धा नाही. तिसरे वर्ष होते १९५७, आणि तेव्हा जे झाले त्याला मी कारण आहे.

म्हणजे माझे अस्तर. आतल्या कप्प्याच्या कोपऱ्यात चार वर्षांपूर्वी बोटभर शिवण उसवली होती. व्हर्नाने ते मुख्य लिपिक लोमॅक्स यांना दाखवले होते. लोमॅक्स म्हणाले, “अधिवेशन संपलं की शिवता येईल.” अधिवेशन संपले, पुढचे आले. तेव्हाही म्हणाले, शिवता येईल. चार वर्षे मी हेच ऐकत होतो आणि ते बोटभर भोक आता तळहाताएवढे झाले होते.

आमच्या राज्यात अधिवेशन साठ दिवसांचे. साठाव्या दिवशी संध्याकाळी पाचला घड्याळ वाजले की दोन्ही घरे उठतात, आणि जे मंजूर झाले नाही ते मेले. पुढच्या वर्षी पहिल्यापासून सुरुवात. त्यामुळे शेवटच्या आठवड्यात सगळे भिजत घोंगडे एकदम वाळत घालायची घाई होते. अठ्ठावन्नाव्या दिवशी सिनेटने व्हर्नाच्या हातात एकोणीस विधेयके ठेवली. ज्यात सिनेटने बदल केला असेल त्या विधेयकाला गुलाबी चिठ्ठी टाचायची अशी आमच्याकडची रीत. व्हर्ना चिठ्ठ्या बघत प्रतिनिधीगृहात वाचत गेली. प्रॅटरच्या विधेयकाला चिठ्ठी नव्हती. म्हणून तिने वाचले, “बदलाशिवाय मंजूर.” प्रॅटरने आपला तीन बोटांचा हात कपाळाला लावून देवाला नमस्कार केल्यासारखे काहीतरी केले. लोमॅक्सनी स्वच्छ प्रत टंकून घेतली. दोन्ही अध्यक्षांनी दोनशे कागदांच्या ढिगात त्याच्यावर सह्या ठोकल्या.

साठाव्या दिवशी दुपारी पावणेतीनला व्हर्ना मला घेऊन गव्हर्नरकडे जिना उतरत होती. पोचपावतीची वही काढायला तिने आत हात घातला आणि तिची बोटे अस्तरात गेली. बाहेर आली ती गुलाबी चिठ्ठी, टाचणीसकट. तिच्यावर लिहिले होते: ‘करावी’ हा शब्द गाळून ‘करता येईल’ हे शब्द घालावेत.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल, एवढ्याने काय बिघडते? आई म्हणाली ‘अभ्यास करावा’, आणि आई म्हणाली ‘अभ्यास करता येईल’, तर दुसऱ्यांदा तुम्ही पुस्तक उघडाल का? माझेच बघा ना. ‘शिवता येईल’ म्हणता म्हणता माझे काय झाले होते!

व्हर्ना परत वर चढली. प्रॅटर घुमटाखाली संत्रे सोलत उभा होता. तिने चिठ्ठी त्याच्या हातात दिली. त्याने ओठ हलवत वाचली आणि इकडेतिकडे पाहिले.

“कुठं सापडली?”

“अस्तरात. परवापासून असणार.”

“आणखी कुणी पाहिली?”

“मी. आता तुम्ही.”

“मी नाही पाहिली. माझा चष्मा वर राहिलाय.”

“काका, चष्मा नाकावर आहे.”

“मग नाक वर राहिलंय असं समज,” प्रॅटर म्हणाला आणि तिला खांबाआड घेऊन गेला. “ऐक, पोरी. तीन वर्षं घासतोय मी. गव्हर्नर पेनाचं टोपण काढून बसलाय, सही करायला तयार आहे. दोन्ही अध्यक्षांच्या सह्या पडल्यात, आता कागद मंजूर कसा झाला ते कोर्टसुद्धा विचारणार नाही. तू फक्त सरळ खाली जा. ती चिठ्ठी शेगडीत टाक, नाही तर खाऊन टाक.”

व्हर्ना पायरीवर बसली. तिने एक बूट काढून टाच चोळली. “सिनेटनं हा कागद मंजूर नाही केलाय, काका. दुसराच केलाय.”

“सिनेट गेलं खड्ड्यात!”

“मागच्या साली कंपनीच्या वकिलानं छापखान्यात एका कायद्याची ओळ फिरवून आणली, तेव्हा बाकावर चढून कोण ओरडलं होतं?”

“ती कंपनीची लबाडी होती.”

“आणि ही आपली. म्हणून चालेल?”

प्रॅटरने हातातले संत्रे मुठीत दाबले. संत्र्याचा रस त्याच्या मनगटावरून ओघळत होता.

“डेल्मर बंधाऱ्याच्या पायाशी राहतो,” व्हर्ना म्हणाली. “मला काय ते कळत नाही? पण आज माझ्या भावासाठी एक शब्द गिळला, तर उद्या दुसऱ्या कुणाच्या भावाच्या जिवावर उठायला मला कोण अडवणार? मला कुणी निवडून दिलंय? निरोप न्यायचा असतो काका, चाखायचा नसतो.”

“बापावर गेलीस,” प्रॅटर शेवटी म्हणाला. “त्याच्याशी पत्ते खेळण्यात पण कधी मजा आली नाही. जा, जा. पाचाच्या आत काही जमतंय का बघू.”

लोमॅक्सनी चिठ्ठी पाहिली आणि ते खुर्चीत मागे टेकले. “बाई, गप्प नाही का बसता आलं तुम्हाला?” म्हणाले. मग चष्मा पुसून म्हणाले, “नाही, बरोबर केलंत.” आणि थोड्या वेळाने पुन्हा, “पण गप्प नाही का बसता आलं?”

सह्या रद्द झाल्या. कागद प्रतिनिधीगृहापुढे आला. ‘करता येईल’ मान्य करा, म्हणजे निदान काहीतरी हाती लागेल, असे काहींचे मत पडले. प्रॅटर उठून म्हणाला, “करता येईल म्हणजे कधी न करणं. आजही राज्याला तपासता येतंच की, कुणी तपासलंय?” प्रतिनिधीगृहाने बदल फेटाळला. मग रीतीप्रमाणे दोन्ही घरांची तीन-तीन माणसे तडजोडीसाठी कोट टांगायच्या खोलीत बसली, कारण बाकी खोल्या रिकाम्या नव्हत्या. मी बाहेर व्हर्नाच्या मांडीवर. हा बदल ज्यांनी आणला होता ते सिनेटर व्हिटकॉम आतून म्हणताना ऐकू येत होते, की सगळे बंधारे तपासायला राज्याकडे माणसे कुठे आहेत. माणूस खोटारडा नव्हता, हट्टी होता. पाच वाजले. दोन्ही दालनांत अध्यक्षांचे हातोडे पडले. विधेयक मेले.

शनिवारी व्हर्ना बसने कॉपर हॉलोला गेली. मी बरोबर होतो, कारण माझी शिवण ती आता स्वतः घालणार होती. बातमी तिच्या आधी पोचली होती. डेल्मर स्वयंपाकघरात बसला होता, त्याची बायको ओना हिने घेवडा आणि मक्याची भाकरी वाढली, पण स्वतः बसली नाही.

“कागद हातात होता म्हणे तुझ्या,” डेल्मर म्हणाला.

“होता.”

“सह्यांसकट.”

“डेल, सिनेटनं तो शब्द...”

“शब्द!” तो खोकला, बराच वेळ खोकला. “खिडकीतनं वर बघ, व्हर्नी. तो गाळ वाचता येतो का त्याला? करावी का करता येईल, विचारून खाली येणार आहे का तो?”

व्हर्नाने घास खाली ठेवला. “तू माझ्या जागी असतास तर काय केलं असतंस?”

“मी तुझ्या जागी नाही. मी बंधाऱ्याच्या खाली आहे.”

व्हर्ना उठून ताट धुवायला गेली. खरे सांगतो मित्रांनो, याचे उत्तर माझ्याजवळ नाही, आणि मी यावर बरीच वर्षे विचार केला आहे.

राज्य तपासत नाही तर आम्ही तपासतो म्हणून गावाने पाळ्या लावल्या. सकाळपासून अंधार पडेपर्यंत कुणीतरी भरावाजवळ बसून पाण्याची उंची बघायची, वाढले तर घंटा. डेल्मरला सगळ्यांनी नको म्हटले. तो हट्टाने गेला. मार्च-एप्रिलच्या गार पावसात सहा आठवडे तो ताडपत्री पांघरून डोंगराच्या कडेला बसला. बंधारा टिकला. डेल्मरची छाती टिकली नाही. उन्हाळाभर तो अंथरुणात होता आणि नोव्हेंबरात गेला.

त्यानंतर हॉलोच्या चर्चमध्ये व्हर्ना ज्या बाकावर बसे त्यावर दुसरे कुणी बसेनासे झाले. कुणी शिव्या दिल्या नाहीत. नुसते उठून पलीकडे जात. महिन्यातून एका रविवारी ती येई, सहा जणांच्या बाकावर एकटी बसे, स्तोत्रे म्हणे आणि बसने परत जाई. त्या शिवणीपासून ती मला गावीही बरोबर नेई, म्हणून हे मी दर वेळी तिच्या पायाशी बसून पाहिले आहे.

जानेवारीत प्रॅटरने विधेयक चौथ्यांदा आणले, ‘करावी’सकट. या वेळी गावाच्या पाळ्यांची हकिगत वर्तमानपत्रांत आली होती, डेल्मरचे नावही. प्रतिनिधीगृहाने मंजूर केले. सिनेटनेही केले, काठावर. आणि गव्हर्नरने हरकती लिहून परत पाठवले. मागच्या वर्षी हाच माणूस सहीला बसला होता. आता खाणमालक जागे झाले होते. व्हर्ना तो कागद घेऊन जिना चढली तेव्हा मधे दोनदा थांबली. वय नव्हे, कंटाळा. मलाही वाटले, पुरे झाले हे. इतकी दारे कशाला ठेवली आहेत? मग मला खांबाआडचा प्रॅटर आठवला. भला माणूस, भल्या कामासाठी, चिठ्ठी शेगडीत टाक म्हणाला होता. भल्या माणसांनाही दारे लागतात, एवढे मला कळले आहे. त्याने थकवा जात नाही.

प्रतिनिधीगृहात तीनात दोन मते सहज पडली. सिनेटमध्ये चौतीसांपैकी तेवीस हवी होती. व्हर्ना वाकली, कागद टेबलावर ठेवला. एवढ्यात मागच्या रांगेतला एक सिनेटर उठला. “अध्यक्ष महाराज, याच विधेयकात गेल्या साली घोळ झाला होता. हाच मजकूर आपण मंजूर केला होता हे कशावरून? आधी चौकशी होऊ द्या, मग मतदान.” चौकशी म्हणजे दोन आठवडे, आणि अधिवेशनाचे दिवस उरले होते चार. दालनात कुजबुज सुरू झाली. प्रॅटर दाराशी उभा होता, त्याने डोळे मिटले.

तेव्हा सिनेटर व्हिटकॉम उठले. “मी याच्या विरोधात मत देणार आहे,” ते म्हणाले, “आणि माझं कारण बदललेलं नाही. पण कागदाबद्दल शंका नको. तो या बाईनं आणलाय. मागच्या वर्षी हिनं स्वतःच्या भावाचं घर बंधाऱ्याखाली ठेवून माझी चिठ्ठी मला परत आणून दिली. हिनं आणलेला मजकूर मी न वाचता खरा धरतो. मतदान घ्या.”

मतदान झाले. व्हिटकॉम विरोधातच गेले. तेवीस मते पडली. एक जरी कमी असते तर पुन्हा पुढचा जानेवारी.

एप्रिलमध्ये राज्याचे तीन तपासनीस कॉपर हॉलोला आले. भरावाच्या पूर्व कुशीतून बोटाएवढी काळी धार झिरपत होती, झुडपांच्या आड. पाळीवाल्यांच्या नजरेला ती कधी पडली नव्हती. तपासनीसांनी त्याच दिवशी पाणी उतरवायला लावले. त्यांच्यातला एक म्हणाला, आणखी एक वसंत काही याने काढला नसता.

त्या रविवारी व्हर्ना चर्चला गेली आणि आपल्या बाकावर बसली. प्रार्थना सुरू झाल्यावर ओना आत आली. मधल्या वाटेत थांबली, मग येऊन व्हर्नाच्या शेजारी बसली.

“डेल्मर शेवटी काही म्हणाला का?” व्हर्नाने हळूच विचारले. हे विचारायला तिला पाच महिने लागले होते.

“तुला बरं वाटावं म्हणून खोटं बोलू?” ओना म्हणाली.

“नको.”

“शेवटपर्यंत रागावलेलाच होता.” ओनाने तिच्या हातातले स्तोत्राचे पुस्तक आपल्याकडे ओढले आणि पान शोधून मधे धरले. “मीही आहे अजून. सरक जरा, उजेड अडतोय.”

मित्रांनो, आता कागद तारांतून पळतात, माझी गरज उरलेली नाही. कपाटात पडून असतो. तुम्हाला एवढेच मागतो. कधी कुणी सापडलेली चिठ्ठी परत नेऊन देईल आणि त्यात तुमचे, तुमच्या घरचे नुकसान होईल. नुकसान खरेच असेल, कुणी कितीही समजावले तरी. त्या माणसावर रागवायचे तर खुशाल रागवा. पण त्याच्या बाकावर जाऊन बसा.